एमएस युनिव्हर्सिटी की सेंट जॉन्स: बडोद्यातल्या एका बारावीवालीसाठी

दांडिया बाजारातली माझी भाची बारावीला आहे, आर्ट्सच करायचं हे पक्कं, आणि घरात सध्या दोनच नावं चालू आहेत, एक आपलं एमएस, म्हणजे महाराजा सयाजीराव युनिव्हर्सिटी, आणि दुसरं अमेरिकेतलं सेंट जॉन्स कॉलेज. हे दुसरं खूळ तिच्या डोक्यात माझ्या मामेबहिणीने भरवलं, ती त्यांच्या सांता फे कॅम्पसला चार वर्षं शिकून आलीये. मी स्वतः एमएसची. म्हणजे एक बाजू जगलेली आणि दुसरी रात्री-रात्री गप्पांत ऐकलेली, तेवढं धरून वाचा.

पहिला फरक गर्दीचा. एमएस म्हणजे एक गावच आहे, 1881 चं बडोदा कॉलेज, 1949 ला त्याची युनिव्हर्सिटी झाली, हजारो मुलं. सेंट जॉन्सचे दोन कॅम्पस, अ‍ॅनापोलिस आणि सांता फे, आणि एकेका ठिकाणी चारशे-साडेचारशे पोरं, आपल्याकडे एखाद्या मंडळाच्या आरतीला याहून जास्त माणसं असतात. आता याचा रोजच्या जगण्यावर काय परिणाम होतो ते बघा. एमएसमध्ये तुम्ही मागच्या बाकावर बसून तीन वर्षं काढू शकता, कुणी विचारत नाही, मी पहिलं वर्ष तसंच काढलं आणि मला ते हवंही होतं, शाळेत बारा वर्षं सगळ्यांच्या नजरेत राहून कंटाळा आला होता. तिकडे मागचा बाकच नाही. सोमवारी आणि गुरुवारी रात्री सेमिनार, मोठ्या टेबलाभोवती वीसेक जण आणि दोन ट्यूटर, त्यातला एक जण सुरुवातीला एक प्रश्न टाकतो आणि मग लेक्चर नाही, नोट्स नाहीत, नुसतं बोलायचं. प्रोफेसर हा शब्दच वापरत नाहीत, आणि आज गणित घेणारा ट्यूटर पुढच्या वर्षी ग्रीक घेताना दिसतो.

तिकडे मेजर-बिजर, म्हणजे आपण निवडायचा मुख्य विषय, असलं काही नाही. 1937 पासून सगळ्यांना जवळपास एकच अभ्यासक्रम: आधी ग्रीक मग फ्रेंच, गणित चारही वर्षं, लॅब, संगीत, आणि टेक्स्टबुकाऐवजी थेट प्लेटो, युक्लिड, न्यूटन, शेवटी आइन्स्टाइन. एमएसला उलटं, विषय तुम्ही घ्यायचा आणि नंतर तो तुम्हाला धरून ठेवतो.

पण मला सगळ्यात भारी वाटली ती त्यांची डॉन रॅग नावाची भानगड. सेमिस्टर संपली की सगळे ट्यूटर एका टेबलाशी बसतात, समोर तुम्ही, आणि ते तुमच्याशी नाही तर तुमच्याबद्दल आपापसात बोलतात, ‘मिस अमुक लिहितात छान पण सेमिनारमध्ये गप्प असतात’ वगैरे. मामेबहीण म्हणाली, अगं अगदी मुलगी बघायला आल्यासारखं, पोहे तेवढे नाहीत. शेवटी मात्र तुम्हाला विचारतात की यावर तुमचं काय म्हणणं. मार्क असतात पण मागितल्याशिवाय सांगत नाहीत. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी तुम्ही पुढे जाणार की नाही हे ट्यूटर ठरवतात, आणि चौथ्या वर्षी मोठा निबंध लिहून त्यावर तोंडी परीक्षा, ती बघायला कुणीही येऊन बसू शकतं. माझ्या भाचीला स्टेजची भीती आहे, हे तिच्या आईने मला तीनदा सांगितलंय.

कॅम्पसवरची मजा म्हणाल तर तिकडे वॉल्ट्झच्या पार्ट्या असतात, खरंच, जोडीने गोल गोल. अ‍ॅनापोलिसवाले शेजारच्या नेव्हल अकॅडमीशी 1983 पासून दरवर्षी क्रोके (हिरवळीवर लाकडी हातोड्याने चेंडू मारायचा खेळ) खेळतात. सांता फे डोंगरात, साधारण सात हजार फुटांवर, तिथल्या मुलांची चक्क सर्च अँड रेस्क्यू टीम आहे, म्हणजे प्लेटो वाचणारी पोरं हरवलेले ट्रेकर शोधायला जातात. आणि चार वर्षांत मध्येच कॅम्पस बदलताही येतो.

आणि आपल्याकडे? गोल गोल म्हणाल तर नवरात्र आहे, त्यात फाईन आर्ट्सच्या गरब्याचा मान वेगळाच. शिवाय एमएसला कॅम्पस संपून शहर कुठे सुरू होतं तेच कळत नाही, लेक्चर सुटलं की कमाटी बाग, फतेहगंज, सेवउसळ, आर्ट्सच्या घुमटाखाली तासभर टवाळक्या. ग्रुपमध्ये अर्धं गुजराती, अर्धं हिंदी, आपलं मराठी मध्येच. माझं निम्मं शिक्षण तिथेच झालं. तिकडे तेच चारशे चेहरे, नाश्त्याला, सेमिनारला, पार्टीला, भांडण झालं तरी रात्री त्याच टेबलाशी बसायचं.

एक गोष्ट मात्र कुणी धरत नाही. मूळ ग्रंथ वाचायचे म्हणून सातासमुद्रापार जायचं आणि आपल्याच युनिव्हर्सिटीचं प्राच्य विद्या मंदिर, जिथे हजारो हस्तलिखितं आहेत, जिथून वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती निघाली, ते आतून बघितलेलंही नसतं (मीही तिसऱ्या वर्षी गेले, लाज वाटते सांगायला). सेंट जॉन्सचा बीए जवळजवळ सगळा पाश्चात्त्य आहे, संस्कृत हवं तर पुढे तिकडचं एमए करावं लागतं.

पैशाची तुलना करण्यात अर्थ नाही. त्यांनी 2018 मध्ये फी 52 हजार डॉलरवरून 35 हजारांवर आणायचं जाहीर केलं, पण राहणं-जेवण वेगळं, त्यामुळे घसघशीत मदत मिळाली तरच बोला, नाहीतर विषय संपला. आणि परत येऊन इथे एमए करायचं असेल तर ‘विषय कोणता’ या रकान्यात काय लिहिणार ते आधीच विचारून ठेवा.

माझं मत विचाराल तर भाचीने एमए तिकडे करावं, बीए इथेच. पण माझं कोण ऐकतंय, म्हणून परवा तिला युक्लिडचं पहिलंच प्रपोझिशन दिलं: एका रेषेवर समभुज त्रिकोण काढायचा, दोन्ही टोकांवरून वर्तुळं काढून ती छेदतात तो बिंदू घ्यायचा. मग विचारलं, ती छेदतात हे कुठे सिद्ध केलंय? तिकडे पहिल्या वर्षी यावर तासच्या तास जातात म्हणे. ती म्हणाली, मावशी, अगं दिसतंय ना ते! आणि फोन घेऊन आत गेली. तिचा धाकटा भाऊ, नववीतला, जेवायला हाका मारेपर्यंत कंपास घेऊन तिथेच बसून होता.