नमुन्यात एक काच, खिडकीत दुसरी

घरातल्या सगळ्या खिडक्या आणि गॅलरीचा दरवाजा बदलला की उन्हाळ्यात खोल्या तापणार नाहीत, थंडीत ऊब टिकेल आणि विजेचं बिल निम्म्यावर येईल, असं आम्हाला सांगण्यात आलं होतं. त्यासाठी मोठी रक्कम मोजली. प्रत्यक्षात काय बसवलं गेलं ते इथे सविस्तर लिहिते आहे, कारण हीच पद्धत वापरून आणखी कितीतरी घरांत माल खपवला जात असणार.

विक्रीसाठी आलेल्या माणसाबरोबर एक पेटी होती. आत उष्णता फेकणारा तांबडा दिवा आणि त्यापुढे सरकवायच्या दोन काचा. साध्या काचेमागे हात धरला की चटका बसायचा, ‘एनर्जी सेव्हिंग’ काच पुढे आली की जवळजवळ काहीच जाणवायचं नाही. प्रयोग खोटा नव्हता, म्हणून तर माणूस फसतो. अशा ‘लो-ई’ (लो एमिसिव्हिटी, म्हणजे उष्णता कमी उत्सर्जित करणाऱ्या) काचेवर बहुधा चांदीचा अतिसूक्ष्म थर असतो आणि तो अवरक्त, म्हणजे उष्णतेचे न दिसणारे, किरण परतवतो. तसल्या दिव्याची बहुतेक ऊर्जा अवरक्तच असते. उन्हात मात्र दृश्य प्रकाशाचाही मोठा वाटा असतो, आणि तो आत शिरून शेवटी उष्णताच होतो. त्यामुळे दिव्यासमोर दिसलेला फरक उन्हासमोर तेवढा दिसत नाही.

कोटेशनवर लिहिलं होतं, ‘एनर्जी सेव्हिंग डबल ग्लास, प्रीमियम फ्रेम’. एवढंच. यू-व्हॅल्यू विचारल्यावर १.१ हा आकडा तोंडी सांगितला गेला. हा आकडा जितका कमी तितकी काचेतून उष्णता कमी जाते. साध्या एकेरी काचेचा तो साधारण ५.८ असतो, दोन साध्या काचांमध्ये हवेची पोकळी ठेवली तर २.८च्या आसपास येतो, आणि लो-ई थर व आरगॉन वायू दोन्ही असतील तर १.१पर्यंत उतरू शकतो. पण हा १.१ काचेच्या मध्यभागाचा. चौकट आणि काचेच्या कडा धरून अख्ख्या खिडकीचा आकडा वेगळा आणि जास्त असतो. तो आम्हाला कोणी सांगितला नाही.

काम झाल्यावर बाहेरचा आवाज कमी झाला, त्यामुळे सुरुवातीला सगळे खूश होते. ऊन वाढलं तशी पश्चिमेची खोली पूर्वीसारखीच तापू लागली. तक्रार केली तर उत्तर आलं, ‘भिंती तापतात, त्याला खिडकी काय करणार?’ ओळखीच्या एका काचकाम करणाऱ्या कारागिराने मात्र पहिलाच प्रश्न विचारला तो एसएचजीसीचा. काचेवर पडणाऱ्या उन्हातली किती उष्णता आत येते, ते सांगणारा हा आकडा. साध्या एकेरी काचेचा ०.८च्या वर असतो, दोन साध्या काचांचा ०.७च्या पुढेच राहतो. म्हणजे नुसती दुहेरी काच उन्हाला फारशी अडवतच नाही. ते काम थराचं. ऊन रोखायला बनवलेल्या लो-ई काचेत हाच आकडा ०.३च्या आसपास किंवा त्याहूनही खाली मिळतो.

थर आहे की नाही हे ओळखायची युक्तीही त्यांनीच दाखवली. अंधार पडल्यावर काचेसमोर तिरका टॉर्च किंवा पेटता लायटर धरायचा. दोन काचांना चार पृष्ठभाग, म्हणून चार प्रतिबिंबं दिसतात. एखाद्या पृष्ठभागावर लो-ई थर असेल तर त्याचं प्रतिबिंब वेगळ्या छटेचं, गुलाबीसर किंवा निळसर येतं. आमच्या खिडक्यांत चारही सारखी. एकाही खिडकीत थर नव्हता. दुसऱ्या दिवशी तीच चाचणी मी खिडक्या विकणाऱ्यांच्या दुकानातल्या नमुन्यावर केली. तिथे एक प्रतिबिंब स्पष्ट गुलाबी होतं. समोरच्या माणसाने कोटेशन पुढे सरकवलं आणि म्हणाला, ‘मॅडम, यात लो-ई कुठे लिहिलंय? डबल ग्लास लिहिलंय, डबल ग्लास दिलीये.’

तेव्हा कळलं की कागदावरची ती मोघम भाषा मुद्दाम ठेवलेली होती.

मग बाकीचंही तपासलं. ‘प्रीमियम फ्रेम’ म्हणजे सलग ॲल्युमिनियम. ॲल्युमिनियममधून उष्णता फार वेगाने जाते, म्हणून चांगल्या चौकटीत आतला आणि बाहेरचा भाग वेगळा ठेवून मध्ये पॉलिअमाइड या प्लॅस्टिकची पट्टी घालतात. तिला थर्मल ब्रेक म्हणतात. आमच्या चौकटीत ती नाही, आणि थंडीच्या सकाळी आतल्या बाजूला पाणी सुटतं त्याचं कारण हेच. आरगॉनचं तर डोळ्यांना काहीच कळत नाही, वायू रंगहीन आहे. काच बनवणाऱ्या कारखान्याचा कागद मागितला, तो आजतागायत आलेला नाही.

चौकट आणि भिंत यांच्यामधल्या फटीत फोम भरायचा असतो. एका खिडकीची सिलिकॉनची रेघ कापून पाहिली तर मागे नुसती पोकळी. वरून पांढरी रेघ ओढली की बघणाऱ्याला काम चोख वाटतं, वारा मात्र आतून फिरत राहतो. उदबत्ती कडेने फिरवा, धूर कुठे हलतो ते लगेच दिसतं. गॅलरीच्या दरवाजाची तीच गत. खालच्या रबरातून उजेड दिसतो. कुलूप एकाच जागी अडकतं, त्यामुळे पल्ला वरखाली गॅस्केटवर, म्हणजे कडेच्या रबरावर, दाबला जात नाही.

बिल निम्मं होण्याबद्दलही थोडं. असे दावे जगभर चालतात. २०१२ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने खिडक्या विकणाऱ्या पाच कंपन्यांवर, पुराव्याशिवाय मोठ्या बचतीचे दावे केल्याबद्दल कारवाई केली होती. घराची उष्णता छतातून, भिंतींतून, फटींतूनही जाते. फक्त खिडक्या बदलून निम्मं बिल वाचेल असं घर न पाहताच कोणी सांगत असेल, तर त्याला तिथेच थांबवा.

फोम आम्ही दुसऱ्याकडून भरून घेतला, त्याने वारा थांबला. काचांसाठी तक्रार दिली आहे. तोंडी आश्वासनांचा पुरावा नसल्यामुळे ती लंगडी पडते आहे, आणि याचाच मला सर्वांत जास्त राग येतो.

तुम्ही आता ऑर्डर देणार असाल तर कागदावर एवढं लिहून घ्याच: अख्ख्या खिडकीची यू-व्हॅल्यू, एसएचजीसी, लो-ई थर कोणत्या पृष्ठभागावर, पोकळीची रुंदी आणि त्यातला वायू, थर्मल ब्रेक आहे की नाही, फटीत फोम कोण भरणार. पृष्ठभाग बाहेरून आत मोजतात, आणि ऊन अडवायचं असेल तर थर सहसा दुसऱ्यावर हवा. हे लिहून द्यायला कोणी कां-कूं करत असेल तर ॲडव्हान्स देऊ नका. ‘आजच सही केली तर सूट’ असं म्हणत असेल तरी नाही. आणि काचा घरी येऊन भिंतीला टेकवल्या जातील तेव्हाच, बसवण्याआधी, प्रत्येकीवर टॉर्च मारून बघा. थर नसेल तर तेव्हा ती परत पाठवता येते. बसवून झाल्यावर समोरचा माणूस फोन उचलत नाही.