डिझेल सेडान, बॅज ‘स्पोर्ट’: नाशकात अकरा महिने आणि १४ हजार किलोमीटर

गाडी घेतली तेव्हा मित्रांमध्ये एकच जोक चालू होता, याने म्हणे स्पोर्ट्स गाडी घेतली, ट्रॅक्टरच्या पंपावर डिझेल भरतो. म्हणलं आधी वापरून बघू, मग बोलू. आता अकरा महिने झालेत. सेकंडहँड घेतलीय, जर्मन, रिअर व्हील ड्राइव्ह, दोन लिटर डिझेल, १९० पीएस (म्हणजे हॉर्सपॉवरच), ४०० एनएम टॉर्क (म्हणजे इंजिनाची ओढ), आठ गिअरची ऑटोमॅटिक, बीएस६. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाव घेतलं की विषय सर्व्हिसच्या बिलावर जातो आणि मला बोलायचंय फक्त इंजिनावर.

आधी कसारा घाट. मुंबईहून रात्री परत येतोय, गाडीत चार माणसं, डिकी फुल, पुढे कंटेनर रांगत चढतोय आणि त्याच्या मागे आपण. उजवीकडे मोकळं दिसलं की पाय थोडा दाबायचा, बस, गिअर खाली पडायचीपण वाट बघावी लागत नाही, १८०० आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे) गाडी अशी उचलते की मागे बसलेल्या आईचा हात न बोलता वरच्या हँडलला जातो. इंजिन ओरडत नाही, काही नाही, कंटेनर मागे. हे सुख पेट्रोलवाल्यांना याच पैशात, याच मायलेजमध्ये मिळत नाही, खरंच नाही. मायलेज म्हणजे हायवेला १९-२०, गावात १२. पेट्रोल शंभरीपार आणि डिझेल नव्वदीत, त्यामुळे टाकी फुल करताना पोटात गोळा येत नाही.

आमचे मोठे काका सातपूरला मायकोत होते, इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलच्या लाइनवर (गेटवर बॉश लिहून जमाना झाला पण नाशिककर अजून मायकोच म्हणतो, सर्कलपण मायको सर्कलच). त्यांना एकदा गाडीतून चक्कर मारून आणली. मी गंगापूर रोडला जोशात पाय पुरा दाबला तर म्हणाले, “अरे, डिझेलला पिळू नये, ओढू द्यावं.” तेव्हा हसलो. पटलं ते दोन महिन्यांनी, नांदुरीच्या घाटात.

झालं असं, मित्राची पेट्रोल हॅचबॅक, मॅन्युअल, १२० पीएसच्या आसपास, आणि माझी ही. पहाटे निघालो, वणीला चहा, पुढे नांदुरीहून सप्तशृंगी गडावर चढताना चाव्या बदलल्या. त्याच्या गाडीत वळणातून बाहेर पडताना दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन ४ हजार, ५ हजार, ६ हजार चढत जातं, आवाज बदलत जातो, पाय जेवढा हलवशील तेवढंच उत्तर, आणि पुढचं वळण आलं तरी तोच गिअर. माझ्या गाडीत त्याच वळणाला धक्का दुप्पट, पण साडेचार हजार आरपीएमला दम संपतो, गिअरबॉक्स वरचा गिअर टाकते नेमकी तेव्हाच जेव्हा मला गाडी हातात हवी असते. स्टिअरिंगमागच्या पॅडलने खालचा टाकला तर लगेच पुन्हा भिंत. वर पार्किंगला पोचलो तेव्हा माझ्या गाडीतून उतरलेला मित्र म्हणाला, “भाऊ, तुझी गाडी फास्ट आहे, पण तिला आपली गरजच नाही रे.” खूप लागलं मला ते. खरं होतं म्हणून लागलं.

४०० एनएम ऐकून आपण हुरळतो, पण पॉवर म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम. ४०० एनएम २५०० ला म्हणजे साधारण १४० पीएस. पेट्रोलचे २५० एनएम ५५०० ला टिकले तर १९५ च्या आसपास. डिझेलमध्ये स्पार्क प्लग नाही, हवाच इतकी दाबायची की ती तापून डिझेल पेटवते, डिझेल सिलिंडरमध्ये गेल्यावर मिसळून जळायला वेळ लागतो, म्हणून वर फिरत नाही. आणि एवढा दाब झेलायचा तर ब्लॉक, क्रँक सगळं दणकट म्हणजे जड, ते वजन नाकावर. उतारावर ब्रेक मारून आत वळताना ते जाणवतं, गाडी वळते पण अर्धा क्षण विचार करून.

आता कोणीतरी ले मान्सचा, फ्रान्समधल्या त्या मोठ्या रेसचा, विषय काढणारच. हो, २००६ ला ऑडी आर१० टीडीआयने जिंकली, डिझेलची पहिलीच, साडेपाच लिटर व्ही१२, ६५० च्या वर हॉर्सपॉवर, २००९ ला प्यूजो ९०८ पण डिझेलच. पण ती २४ तासांची रेस आहे हो, कमी तेलात जास्त लॅप हे तिथे सोनं. त्याच ऑडीने २००८ ला आर८ या स्पोर्ट्स कारमध्ये व्ही१२ डिझेल बसवून दाखवली, ५०० पीएस, १००० एनएम, आणि ती कॉन्सेप्टच राहिली, विकायला आलीच नाही. पोर्शेने केयेन या एसयूव्हीला डिझेल दिलं, ९११ या स्पोर्ट्स कारला कधीच नाही. आपल्याकडे पोलो कप ही रेसची स्पर्धा २०१० ला डिझेल पोलोवर सुरू झाला, २०१२ ला पेट्रोल टर्बो आली. बनवणाऱ्यांनाच माहितीय, लांब पळायचं तर डिझेल, खेळायचं तर नाही.

रोजच्या वापरातली कटकट म्हणजे डीपीएफ, धुरातली काजळी पकडणारा फिल्टर. घर गंगापूर रोड, ऑफिस अंबड, नऊ-दहा किलोमीटर आणि अर्धा वेळ सिग्नलला. सायलेन्सर नीट तापतच नाही, फिल्टरमध्ये काजळी साठते, जुलैत लाइट लागला. गाडीचा दोष नाही, माझ्या रूटचा आहे. मॅन्युअलमध्ये लिहिलंय सलग चालवा, म्हणून आता दर दुसऱ्या रविवारी सिन्नरला जाऊन येतो, खालच्या गिअरमध्ये, २५०० च्या वर धरून. लोक सिन्नरला गोंदेश्वर बघायला जातात, मी काजळी जाळायला. ॲडब्लूचं (धूर स्वच्छ करायला वेगळ्या टाकीत भरायचं द्रव) टेन्शन नाही, भरलं की बरेच महिने बघावं लागत नाही.

आवाजाचं तर बोलूच नका. आत बसलं की स्पीकरमधून बनावट गुरगुर येते, ती बंद केलीय, लाज वाटते. बाहेर डिसेंबरच्या थंडीत सकाळी सहाला स्टार्ट केली की टकटकटक. वॉचमन केबिनमधून पळत आला आणि गेट सताड उघडलं, मला बघून म्हणाला, “साहेब तुम्ही होय, मला वाटलं दुधाचा टेम्पो.”

विकणार आहे का? नाही. महिन्यातून तीनदा मुंबई करणाऱ्याला यापेक्षा भारी गाडी मला तरी माहीत नाही, आईलापण आवडते, पाठ दुखत नाही म्हणते. मागच्या आठवड्यात फक्त डिकीवरचा ‘स्पोर्ट’चा बॅज काढला, हेअर ड्रायरने गरम करून, दोऱ्याने. गोंदाचा डाग राहिलाय थोडा. आणि मित्राला सांगून ठेवलंय, तुझी हॅचबॅक विकायची झाली तर आधी मला फोन कर.