लडलो की बरी सेंट एडमंड्स?
निवृत्तीनंतर इंग्लंडातल्या जुन्या बाजारगावात राहायचं, तर देखणेपणात लडलोला तोड नाही. किल्ल्यासमोरच्या चौकात सोमवार, बुधवार, शुक्रवार, शनिवार बाजार भरतो. शेजारपाजारी बहुतेक पिकल्या केसांचे, गप्पांना वेळच वेळ. पण ब्रॉड स्ट्रीटचा उतार जुन्या वेशीतून थेट टीम नदीकडे जातो. उतरताना मजा, भाजीची पिशवी घेऊन चढताना गुडघे कुरकुरतात. शिवाय मोठ्या इस्पितळासाठी हेरफर्ड नाहीतर श्रूजबरी गाठा.

सफकमधल्या बरीत बाजार बुधवारी आणि शनिवारी. गाव बरंच मोठं, त्यामुळे वर्दळही जास्त. मात्र इस्पितळ गावातच, केंब्रिजला थेट रेल्वे, आणि मठाच्या भग्नावशेषांतली बाग फुकट. गाडी चालवणं सुटलं असेल, तर मी डोळे झाकून बरी निवडेन.