मॅकबेथ की बलराम, आधी कोण?

दोघेही ज्याचं मीठ खाल्लं त्यालाच मारतात. शेक्सपिअरच्या नाटकातला मॅकबेथ आपल्या राजाला, डंकनला, तेही तो घरी पाहुणा म्हणून उतरलेला असताना. अरविंद अडिगांच्या 'द व्हाइट टायगर'मधला बलराम हलवाई आपल्या मालकाला, ज्याची गाडी तो चालवतो. दोन्हींतलं आधी काय वाचावं, असा प्रश्न असेल तर माझं उत्तर 'मॅकबेथ' आहे. पण ते सगळ्यांना लागू पडेलच असं नाही.

डंकनचा खून रंगमंचावर होतच नाही. आपल्याला दिसतो तो खून करून आलेला मॅकबेथ, रक्ताळलेले खंजीर हातात तसेच. ते पहारेकऱ्यांजवळ ठेवायचे ठरले होते, म्हणजे आळ त्यांच्यावर गेला असता. हा सोबतच घेऊन आला! आणि तेव्हा त्याला घोर कसला, तर तिथे कुणीतरी झोपेतून जागं होऊन देवाचं नाव घेतलं, तेव्हा आपल्या तोंडून 'आमेन' का फुटलं नाही याचा. खोलीत परत जायचा त्याला धीर होत नाही. शेवटी बायकोच खंजीर उचलून नेते. इतका कच्चा खुनी पुढे आपला सोबती बँको याला मारवतो, सरदार मॅकडफची बायकामुलं कापवतो. प्रत्येक खून आधीच्यापेक्षा सोपा होत जातो, आणि झोप मात्र कायमची गेलेली. शेक्सपिअरने ही घसरण फार भराभर दाखवली आहे. त्याच्या शोकांतिकांत हे नाटक सर्वांत आटोपशीर.

बलरामचं असं काही होत नाही. चिनी पंतप्रधानांना 7 रात्रींत सांगितलेली ही त्याचीच कैफियत आहे आणि पहिल्या रात्रीच्या शेवटी तो खुनाची कबुली देऊन मोकळा होतो (तेव्हा मी गोष्ट फोडली म्हणून रागावू नका). पावसात गाडी थांबवायची, चाकाचं निमित्त करायचं, मालकाला वाकून बघायला लावायचं. हातात फुटकी दारूची बाटली. मग 7 लाख रुपये भरलेली लाल बॅग घेऊन तो बंगळूरला जातो आणि टॅक्सी कंपनी काढतो. गावाकडच्या आपल्या माणसांचा मालकाचं जमीनदार घराणं सूड घेणार, हे त्याला आधीपासून ठाऊक असतं. तरीही तो हिशेब मांडतो आणि सौदा परवडला म्हणतो.

मला हाच फरक मोठा वाटतो. मॅकबेथ सरदार आहे, लढाई जिंकून आलाय, नवी जहागीर नुकतीच मिळाली आहे. त्याला कसलीच निकड नाही, आणि हे त्याला स्वतःलाही कळतं. बलरामच्या मागे त्याच्या गावाचं, लक्ष्मणगढचं दारिद्र्य आहे, मालकिणीच्या हातून झालेल्या अपघाताचा गुन्हा स्वतःच्या नावावर लिहून देण्याची पाळी आहे. त्यामुळे वाचक त्याच्या बाजूने झुकतो आणि अडिगा नेमके तिथेच आपल्याला पकडतात. बलराम आपली बाजू इतकी चटकदार मांडतो की तो काय गाळतोय, इकडे लक्ष जात नाही. मॅकबेथ स्वगतात आपल्याशी खोटं बोलत नाही. म्हणून तो आधी. त्याची तळमळ कानात असली की बलरामच्या बडबडीतली गप्प जागा ऐकू येते. अशी फट एकदाच उघडी पडते. खुनानंतर पळून जाता जाता तो नात्यातल्या लहानग्या धरमला न्यायला मागे फिरतो.

खलनायकाशी वाद घालत, हसत वाचायचं असेल, गरीब-श्रीमंतांच्या प्रश्नात रस असेल, तर खुशाल 2008 च्या बुकर विजेत्या कादंबरीपासून सुरुवात करा. ती सरसर वाचून होते. लेडी मॅकबेथसारखी व्यक्तिरेखा मात्र तिथे मिळणार नाही. नवऱ्याला भरीस घालणारी आणि पाचव्या अंकात झोपेत चालत, नसलेले डाग हातांवरून धूत राहणारी ती बाई एकट्याने नाटकाचं पारडं जड करते.

जुन्या इंग्रजीची धास्ती असेल तर शिरवाडकरांचं 'राजमुकुट' हाती घ्या. ते 'मॅकबेथ'चं मराठी रूपांतर आहे, त्यामुळे ओळीला ओळ जुळवत बसू नका.