ज्येष्ठमधाच्या अर्काची जठरव्रण-चाचणी: एका खासगी प्रयोगशाळेची सेवा

आमच्या कारखान्यात तयार होणारा ज्येष्ठमधाचा अर्क जठरव्रणापासून (पोटातील अल्सरपासून) खरोखर संरक्षण देतो का, हे पांढऱ्या उंदरांवर तपासून घेण्यासाठी आम्ही एका खासगी प्रयोगशाळेची सेवा घेतली. प्राण्यांवरील प्रयोगांसाठी नेमलेल्या नीतिमत्ता समितीची मंजुरी मिळाल्याखेरीज कामाला हात लावणार नाही, असे त्यांनी पहिल्याच भेटीत बजावले, हे विशेष आवडले.

प्रत्यक्ष काम अतिशय काळजीपूर्वक झाले. उंदीर उपाशी ठेवले असताना त्यांनी स्वतःची विष्ठा खाऊ नये म्हणून पिंजऱ्यांना जाळीचा तळ होता. जठरात काही शिल्लक राहिले तर निष्कर्षच डळमळीत होतो, त्यामुळे ही बाब किरकोळ नव्हे. भूल देऊन जठराचे खालचे तोंड बांधण्याची, शे नावाच्या संशोधकाने सहकाऱ्यांसह 1945 साली मांडलेली पद्धत त्यांनी वापरलीच, शिवाय इथेनॉलची (मद्यार्काची) पद्धतही वापरली. पहिलीत साचलेल्या आम्लामुळे व्रण होतात, तर दुसरीत इथेनॉल जठराच्या आतल्या अस्तरालाच थेट इजा करते. म्हणून दोन्हींत संरक्षण दिसले, तरच औषध अस्तरालाही बळ देत असावे असे म्हणायला आधार मिळतो. तुलनेसाठी ओमेप्राझोल हे आम्ल कमी करणारे औषध दिलेला गट होता. उघडून, सलाइनने धुऊन, टाचण्यांनी ताणून बसवलेल्या प्रत्येक जठराचे छायाचित्र अहवालात आहे आणि इथेनॉलने उठलेले गडद तांबडे पट्टे त्यात भिंगाशिवाय दिसतात.

मात्र व्रणांच्या तीव्रतेनुसार गुण देणाऱ्या व्यक्तीला कोणते जठर कोणत्या गटातले हे ठाऊक होते, ही गंभीर उणीव आहे. हे गुण शेवटी नजरेनेच ठरतात आणि सांकेतिक क्रमांक घालायला काहीच खर्च येत नाही. ज्या प्राण्यांचा जीव आपण घेतो, त्यांच्यापासून मिळालेली माहिती निदान निःसंशय असलीच पाहिजे.

अहवालाच्या शेवटी ‘माणसांच्या अल्सरवर गुणकारी’ असे लिहिले होते, ते आम्ही काढायला लावले. माणसांतील बहुतेक व्रणांमागे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू किंवा वेदनाशामक गोळ्या असतात आणि या प्रयोगात दोन्हींपैकी काहीच नव्हते. शिवाय ज्येष्ठमधातील ग्लिसरायझिनमुळे दीर्घकाळ सेवनात रक्तदाब वाढतो व पोटॅशियम घटते, याचा अहवालात उल्लेखही नव्हता.

प्रयोगातील हातोटीसाठी ही सेवा जरूर घ्यावी. परंतु सांकेतिक क्रमांकांची अट करारातच घालावी आणि वेदनाशामकांपासून संरक्षणाचा दावा करायचा असल्यास इंडोमेथासिन या व्रण करणाऱ्या वेदनाशामकाची चाचणी वेगळी मागून घ्यावी.