पेल्विसचं फ्रॅक्चर: वॉकर की स्क्रू?

आजी मोरीत घसरून धपकन बसली. एक्स-रेत पेल्विसचं, म्हणजे कमरेखालच्या हाडांच्या कड्याचं, पुढचं हाड चिरलेलं दिसलं. मागच्या माकडहाडाच्या वरची, त्रिकास्थीची भेग मात्र सीटी स्कॅनमध्येच कळली. हा स्कॅन आग्रहाने मागा, उपचार त्यावरच ठरतात.

फक्त पुढचं हाड मोडलं असेल, तर बहुतेकदा ऑपरेशन लागत नाही. वेदनाशामक गोळ्या आणि वॉकर पुरतात. पण ‘आराम’ म्हणजे खाटेवर पडून राहणं नव्हे! त्यातून न्यूमोनिया, पायात रक्ताच्या गुठळ्या, पाठीला जखमा होतात, आणि मांड्यांची ताकद तर बघता बघता ओसरते. आजी पहिल्यांदा उभी राहिली, तेव्हा वॉकर धरलेल्या बोटांची पेरं पांढरी पडली होती. तरी चार पावलं टाकलीच.

मागचं हाड सरकलं असेल, किंवा गोळ्या घेऊनही काही दिवसांत उभं राहता येत नसेल, तर ऑपरेशन करून हाडात स्क्रू. वृद्धांच्या ठिसूळ पेल्विसच्या फ्रॅक्चरचे प्रकार पाडणाऱ्या 2013 च्या रोमेन्स-हॉफमन वर्गीकरणाचा कलही साधारण हाच आहे. छेद छोटा असतो. पण भुलीची, जंतुसंसर्गाची जोखीम राहते, ठिसूळ हाडात स्क्रू सैलही होतो.

मी वयापेक्षा चालणं बघेन. आणि दोन्हींत ऑस्टिओपोरोसिसचे, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याच्या आजाराचे, उपचार हवेतच. डिस्चार्ज कार्डावर नुसतं कॅल्शियम असेल, तर तिथेच डॉक्टरांना विचारा.