जपानी मेपल म्हणून मला अंबाडीची बहीण विकली

माझा मुलगा नागोयाला नोकरी करतो. दर नोव्हेंबरला तिथल्या लाल झालेल्या मेपलचे फोटो पाठवतो. तिकडे त्या झाडाला मोमिजी म्हणतात. गेल्या वर्षी मनात आलं, तसलं एक झाड आपल्या फोंड्याच्या अंगणात असावं, निदान कुंडीत तरी. तो दिवाळीला येईल तेव्हा पायरीवरच त्याला दिसेल. एवढ्या एका इच्छेपायी मी फसले. तुमच्यापैकी कुणी आज तेच झाड शोधत असेल, तर पैसे पाठवण्याआधी हे वाचा.

मोबाईलवर एका नर्सरीची जाहिरात आली. ‘कलमी लाल जपानी मेपल, उष्ण हवेत वाढवलेलं, 2,400 रुपये.’ पैसे आधी, तेही यूपीआयने. गोव्यात जगेल ना, असं मी विचारलं. दोन मिनिटांत उत्तर आलं, ‘मॅडम, मुंबईत कितीतरी लोकांकडे आहे.’ मुंबईतल्या एकाही झाडाचा फोटो मात्र मी मागितला नाही. तो मागायला हवा होता.

जूनमध्ये रोप आलं. वीतभर उंच, कोकोपीटच्या गोळ्यात, हाताच्या पंजासारखी तांबडी-जांभळी पानं. जाहिरातीतल्या फोटोशी ताडून पाहिलं तर हुबेहूब. मातीची मोठी कुंडी आणली, तळाशी खापऱ्या घातल्या, पाऊस झोडपू नये म्हणून पडवीच्या कडेला ठेवली. चतुर्थीपर्यंत झाड माझ्या कमरेला लागलं. विक्रेत्याला फोटो पाठवला, तर म्हणाला, ‘तुमची हवा मानवली त्याला.’ त्या दिवशी मला किती आनंद झाला होता! खरा जपानी मेपल सावकाश वाढतो, वर्षाला फूट-दीड फूट वाढला तरी पुष्कळ, हे मला नंतर कळलं.

सासूबाईंना मात्र तेव्हाच शंका आली होती. त्यांनी एक पान दोन बोटांत चुरडलं आणि बोटं माझ्यापुढे धरली. बुळबुळीत झाली होती. ‘अगं, ही अंबाडीच्या कुळातली दिसते,’ म्हणाल्या. मी ऐकून सोडून दिलं.

दिवाळीला मुलगा आला, पान हातात घेऊन म्हणाला, ‘छान आहे, आई.’

नोव्हेंबरच्या शेवटी एका सकाळी कुंडीत फूल उमललं होतं. पाच पाकळ्या, गडद गुलाबी, मध्ये काळपट लाल डोळा, आणि त्यातून वर आलेला केसरांचा दांडा, अगदी जास्वंदीचा असतो तसा. दुपारी ते मिटलं. मेपलला असलं फूल कधीच येत नाही. त्याची फुलं इवलीशी, आणि त्यानंतर जोडीनं लागणाऱ्या पंखांच्या बिया. मी मुलाला फोन केला, तेव्हा तो हळूच म्हणाला, ‘मला दिवाळीतच शंका आली होती, पण तुझा चेहरा बघून बोलवेना.’

शेतीखात्यातून निवृत्त झालेल्या ओळखीच्या एक बाई येऊन बघून गेल्या. त्यांनी ओळखलं, हे हिबिस्कस असिटोसेला, म्हणजे आफ्रिकेकडची तांबड्या पानांची, अंबाडीची बहीण. फांदीच्या तुकड्यापासूनही सहज लागते. मग त्यांनी मला फांदीच हातात धरायला लावली. मेपलची पानं प्रत्येक पेरावर समोरासमोर, जोडीनं येतात. माझ्या झाडाची एकाआड एक होती, एक डावीकडे, पुढचं उजवीकडे. पानाचा आकार आणि रंग फसवतो, पण ही मांडणी बदलत नाही. विकत घेण्याआधी विक्रेत्याकडून फांदीचा जवळून काढलेला फोटो मागवा आणि पानं जोडीनं आहेत का ते बघा. कलमी म्हणत असेल, तर बुंध्यापाशी कलमाचा सांधाही दिसायला हवा.

मी विचारलं, मग खरं झाड मागवू का? त्यांनी ठाम नाही म्हटलं, आणि ते मला पटलं. मेपलला पानं गाळून कित्येक आठवडे खऱ्या थंडीत झोपावं लागतं. त्याशिवाय वसंतात डोळे नीट फुटत नाहीत. आपल्याकडे जानेवारीतही रात्री पारा 20 अंशांच्या आसपास असतो. वर उन्हाळ्यात पानांच्या कडा करपतात, आणि वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या घरात पडणाऱ्या पावसात कुंडीतली मुळं कुजतात. हिमाचल-काश्मीरकडे ते झाड फुलेल, इथे वर्ष-दोन वर्षं कुढून मरेल.

विक्रेत्याला मी फुलाचा फोटो पाठवला. त्यानं चूक मान्य केली, पण म्हणाला, ‘आणखी 1,500 भरा, खरं ब्लडगुड देतो, सोबत निळ्या मेपलच्या बिया फुकट.’ निळा मेपल जगात कुठेच नाही, ते फोटो रंगवलेले असतात. शिवाय ब्लडगुडसारख्या नामांकित जाती बियांपासून तशाच्या तशा येत नाहीत, म्हणून तर कलम करतात. नाही म्हटल्यावर त्यानं माझा नंबर ब्लॉक केला.

मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. सोबत जाहिरात, यूपीआयची पावती आणि सगळ्या संभाषणाचे स्क्रीनशॉट दिले. ते मी पहिल्याच दिवशी जपून ठेवले होते, तेवढं बरं झालं. पैसे देऊन मालच आला नसेल, तर वेळ न घालवता 1930 वर सायबर फसवणूक कळवा. माझे पैसे अजून परत आलेले नाहीत. ती जाहिरात मात्र परवा पुन्हा दिसली. फोटो तोच आहे आणि किंमत आता 2,900 झालीय.